पायाखालची कोरडी वाळू

आज पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भाचीने विचारलं, "मामा, ओल्या वाळूवर पाय ठेवला की भोवतालची वाळू कोरडी का रे होते?" इतकी वर्षं इथे चालतोय, कधी लक्षच गेलं नव्हतं! घट्ट बसलेले कण दाबले की एकमेकांवर चढतात, मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे १८८५ सालीच सांगून ठेवलंय.

मग किल्ला. कोरडी वाळू ३०-३५ अंशांच्या उतारापलीकडे घसरतेच, पण किंचित ओल असली की पाण्याचे इवलेसे पूल कणांना धरून ठेवतात, भिंत सरळ उभी. मी उत्साहात अख्खी बादली ओतली. बुरूज पेजेसारखा वाहिला. पावसात चोर्ला घाटातली माती सुटते ती साधारण अशीच, हे सांगायला गेलो.

बाईसाहेब अजून बोलत नाहीयेत.