दोनशे डॉलर, दोनदा

"एखादं सर्टिफिकेशन करून टाका, मग बघू," असं आमचे सर अप्रेझलच्या वेळी म्हणाले. सूर असा, की येताना कोथिंबिरीची जुडी आणा. कोणतं, कशासाठी, किती पैशांचं, काही नाही.

मी टेस्टर म्हणून लागले. सहा वर्षांत हळूहळू टीमची कामं बघायला लागले आणि गेलं दीड वर्ष मेलमध्ये माझ्या नावाखाली 'स्क्रम मास्टर' असं येतं. (स्क्रम म्हणजे छोट्या-छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, आणि ती टीमला नीट समजावून चालवायला मदत करणारा तो स्क्रम मास्टर.) म्हणजे पद आधी आलं, त्याचा कागद आता शोधायचा होता. कंपनी छत्रपती संभाजीनगरात. वाळूजच्या कारखान्यांत मशीनवर किती नग निघाले, मशीन किती वेळ बंद होतं, हे दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो.

रात्री जेवणं उरकली की मी लॅपटॉप घेऊन बसायची. पीएमपी, म्हणजे पीएमआय या संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेशन, आधी बाद झालं. नाव सगळ्यात मोठं तेच, लग्नात भेटलेल्या लांबच्या काकांनासुद्धा माहीत असतं. पण चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव लागतो, वर ३५ तासांचं प्रशिक्षण. माझे महिने अठरा. (पीएमपी म्हणजे जुन्या पद्धतीचंच, असं समजणाऱ्यांसाठी: जानेवारी २०२१ पासून त्यातला साधारण निम्मा पेपर अजाईल, म्हणजे स्क्रमसारख्या बदलाला जागा ठेवणाऱ्या, आणि मिश्र पद्धतींवर असतो.) त्याच संस्थेचं पीएमआय-एसीपी पूर्ण अजाईलचं, पण तेही अनुभव मागतं, म्हणून पुढच्या खेपेला ठेवलं. सेफ नावाचं सर्टिफिकेशन एकाच कामावर पुष्कळ टीम राबतात अशा मोठ्या कंपन्यांसाठी. आमच्यात चहावाले काका धरून चौदा माणसं.

राहिली दोन, सीएसएम आणि पीएसएम वन, दोन्ही स्क्रम मास्टरचीच. इथे मी महिनाभर अडकले.

ही दोन्ही घरं एकाच वाड्यातून निघालेली आहेत. स्क्रम ज्यांनी मांडलं त्या दोघांपैकी केन श्वाबर आधी सीएसएम देणाऱ्या स्क्रम अलायन्समध्ये होते. २००९ साली बाहेर पडून त्यांनी स्क्रम डॉट ऑर्ग काढलं, पीएसएम तिथलं. त्यामुळे अभ्यासाचं पुस्तक एकच, स्क्रम गाईड, तेही फुकट. फरक दाराशी आहे. सीएसएमला त्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा वर्ग केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मग ५० प्रश्न, ३७ बरोबर आले की पास. खरं सांगायचं तर वर्गात जागं राहिलेल्या माणसाला नापास होणं अवघड. पीएसएमला वर्गाची सक्ती नाही. २०० डॉलर भरा, पासवर्ड येतो, घरी बसून द्या. पण ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि पास व्हायला ८५ टक्के.

वर्गांची चौकशी केली आणि फोन सुरू झाले. एका क्लासवाल्याने तर "मॅडम, शंभर टक्के पास, आजच भरले तर बावीस हजार" असं दिवसातून दोनदा ऐकवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक केला. नोकरीच्या जाहिरातीही चाळल्या. पुण्याच्या बऱ्याच जाहिरातींत 'सीएसएम किंवा पीएसएम' असंच लिहिलेलं. म्हणजे तिथूनही निकाल लागेना.

निकाल लागला तो येळवशीला, वेळ अमावास्येच्या सणाला. आमचं गाव औसा तालुक्यात, आणि येळवशीला लातूरकडचा माणूस कुठेही असला तरी शेतात पोचतोच. कडब्याची कोप, पूजा झालेली, भज्जी-आंबील पोटभर झालेली, आणि मी लिंबाखाली मोबाईलवर तीच तुलना पुन्हा वाचत बसलेली. अप्पा म्हणाले, "काय वाचलालीस बाई एवढं? आज तरी ठेव ते." मी थोडक्यात सांगितलं. परीक्षा, पैसे, दोन कंपन्या. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "हे कागद दरसाल काढावं लागतंय का एकदाच?" ट्रॅक्टरच्या विम्याची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवणारा माणूस, दुसरं काय विचारणार.

मी हे वाचलं होतं, पण त्याला वजन दिलं नव्हतं. सीएसएम दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं, १०० डॉलर आणि शिकल्याचे २० तास दाखवून. पीएसएम एकदा मिळालं की कायमचं. आमच्या कंपनीत पुढचं नूतनीकरण कोण भरणार, हे मला लिहून द्यायची गरज नव्हती. पीएसएम ठरलं. स्क्रम कधी पाहिलंच नाही अशा माणसाने मात्र वर्ग करावा, असं मी आजही म्हणेन. दहा टीमचे किस्से तिथे ऐकायला मिळतात, ते पुस्तकात नसतात.

पैसे भरायलाच एक संध्याकाळ गेली, कारण बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. ॲपमध्ये जाऊन ते चालू केले. बँकेची वरकड धरून सतरा हजारांच्या आसपास.

आणि मग मी मूर्खपणा केला. कॉलेजच्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर तीनशे प्रश्नांची पीडीएफ पाठवली. "हेच येतात गं." गाईड अवघं तेरा पानांचं, ते मी एकदा वाचलं, आणि ही पीडीएफ तीनदा पाठ केली. तिच्यात लिहिलं होतं, डेव्हलपमेंट टीम तीन ते नऊ जणांची असावी. हा २०१७ च्या गाईडमधला आकडा. नोव्हेंबर २०२० च्या गाईडमध्ये डेव्हलपमेंट टीम हा वेगळा गटच उरला नाही. एकच स्क्रम टीम, साधारण दहा किंवा कमी माणसांची. पीडीएफ जुनी होती, मी बघितलंच नाही, तशीच परीक्षेला बसले. निकाल पडद्यावर लगेच येतो. ८१.३ टक्के. ८० पैकी ६५, लागतात ६८. तीन प्रश्नांनी सतरा हजार गेले. सासूबाईंनी "कसा गेला गं पेपर?" विचारलं, मी म्हटलं, "निकाल यायचाय."

दुसऱ्या वेळी पीडीएफ मोबाईलमधून काढून टाकली आणि गाईडची छापील प्रत पर्समध्ये ठेवली. रोज तीन पानं, हातात पेन्सिल. तेव्हा कळलं की माझी खरी अडचण पीडीएफ नव्हती, आमचं ऑफिस होतं. आमच्याकडे रोज सकाळी दहाला सर उभे राहून एकेकाला विचारायचे, काल काय केलं, आज काय करणार. पाऊण तास. त्याला आम्ही डेली स्क्रम म्हणायचो. गाईडमध्ये तो पंधरा मिनिटांचा आणि डेव्हलपर्सचा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा. काल काय, आज काय, अडचण काय, हे तीन प्रश्न विचारायची रीत २०२० मध्ये निघून गेली, स्क्रम मास्टर तिथे हवाच असंही नाही. स्टोरी पॉइंट, व्हेलॉसिटी, युजर स्टोरी हे काम मांडायचे-मोजायचे शब्द आम्ही दिवसभर वापरतो, यातलं काहीच स्क्रममध्ये सक्तीचं नाही. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला छोटा टप्पा, रद्द करायचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे आधी काय करायचं ते ठरवणाऱ्याचा. आमच्याकडे क्लायंटचा एक फोन आला की रद्द. एका प्रॉडक्टवर तीन टीम असल्या तरी बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, एक आणि प्रॉडक्ट ओनरही एकच.

मग मी वहीत दोन रकाने पाडले, 'गाईड' आणि 'आपण'. परीक्षेत उत्तर डावीकडच्या रकान्यातून द्यायचं, एवढंच ठरवलं. स्क्रम डॉट ऑर्गवर तीस प्रश्नांची फुकट सराव परीक्षा आहे. ती सलग पाच वेळा शंभर टक्के येईपर्यंत दिली. तिचा खरा उपयोग वेळेचा. खऱ्या पेपरात प्रश्नामागे पंचेचाळीस सेकंद मिळतात, आणि 'यापैकी लागू असतील ती सर्व निवडा' असा प्रश्न आला की तेवढ्यात घाम फुटतो. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं, मी शेवटी अकरा प्रश्नांवर परत आले.

पेपर मार्चमधल्या एका रविवारी सकाळी दिला. बाविसाव्या प्रश्नाला लाईट गेली. पंखा थांबला तेव्हाच कळलं, कारण राउटर इन्व्हर्टरवर घेऊन ठेवला होता. ती जोडणी नवऱ्याने आदल्या रात्री कुरकुरत केली होती, त्याचे उपकार मी मान्य करते. सासूबाई दार लोटून पुठ्ठ्याने वारा घालायला आल्या, मी हातानेच नको म्हटलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

९१.३ टक्के. ८० पैकी ७३.

सोमवारी सरांना मेल केला. त्यांनी अंगठा पाठवला, आणि अकाउंट्सच्या मुलाने कागद मागितले. पावती, सर्टिफिकेट, कार्डाचं स्टेटमेंट. स्टेटमेंटवर दोनशे डॉलर दोनदा दिसत होते. तो म्हणाला, "मॅडम, हे डबल कटलं का? बँकेला तक्रार टाकू?" मी म्हटलं, "नको, तू खालचंच घे." सकाळची मीटिंग आता वीस मिनिटांवर आली आहे. सर अजून उभेच असतात, पण भिंतीकडे.