तुरळक ठिकाणी

गुरुवार, रात्री साडेदहा

सकाळपासून दोनच शब्द डोक्यात अडकलेत. 'राहू दे.' आई म्हणाली, "मग या वर्षी राहू दे." मी चहा पीत होते. तिने निवडलेल्या गव्हाचा डबा ओट्यावरून उचलला, परत फळीवर ठेवला आणि कुकर लावायला वळली.

तिने विचारलं होतं ते साधंच होतं. "पुढचा आठवडा कसा आहे गं?" कुरडयांना आठवडाच लागतो. गहू तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर. पुढे दोन दिवस कडक ऊन. आज गहू भिजवायचे तर सोमवारचं आकाश आजच माहीत असायला हवं. पूर्वी ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहून वारा कुठून येतोय ते बघायची आणि ठरवायची. आता मला विचारते.

मी फोन बघितला. शनिवारपासून मंगळवारपर्यंत पिवळा इशारा. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे. मी म्हटलं, "नको भिजवूस, पाऊस सांगितलाय." तिला वाचूनसुद्धा दाखवलं नाही. आठ सोळाची लोकल गाठायची होती.

मी आठवड्याचं बोलले होते. तिने वर्ष केलं. आठवड्याचं वर्ष कुठून झालं, हे दिवसभर शोधतेय.

ऑफिसात पोचेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटला होता. सकाळी वारा पूर्वेचा होता, कोरडा, तापलेला. हे दिवस असेच. जमिनीवरून येणारा वारा जोर धरून राहिला की समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि तोवर सांताक्रूझ वेधशाळेचा पारा चढत जातो. आज दोन वाजून गेले तरी खिडकीबाहेरचं झाड हललं नव्हतं. जेवताना दादाला फोन केला. तो म्हणाला, "विकत मिळतात की, कशाला तिला दमवतेस?" मी दमवते! रोज तिच्या गोळ्या मी बघायच्या, सिलिंडर मी बघायचा, आता आभाळसुद्धा मीच बघायचं, आणि चुकलं तर तेही माझंच. माझा आठवडा कसा आहे ते कोणी विचारत नाही. फोन ठेवल्यावर डोळ्यांत पाणी आलं, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

भीती उगाच बसलेली नाही, हेही लिहून ठेवते. १३ मे २०२४ ला दुपारी कुरडया गच्चीवरच होत्या. अचानक सगळं पिवळं झालं आणि धुळीची भिंत आली. आम्ही दोघी प्लास्टिकचा कागद दोन टोकांना धरून उभ्या, तो हातातून सुटायला बघतोय, आई ओरडतेय, "सोड, तू खाली बस!" त्याच वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. वारे ताशी अमुक किलोमीटर असं वाचलं की मला तो कागद हातात जाणवतो. पुढच्या वर्षी तर मे महिनाच वाहून गेला. २६ मे २०२५ ला मान्सून मुंबईत, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी, आणि कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. त्या वर्षीच्या अर्ध्या कुरडयांना बुरशी आली. आईने त्या एकेक करून निवडून टाकल्या, एक शब्द बोलली नाही. २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ आलं त्या मेमध्ये, आम्ही गच्चीवर गेलोच नव्हतो. तेव्हा कावळे हाकायला बाबा... ते जाऊ दे.

पण तेव्हासुद्धा ती 'राहू दे' म्हणाली नव्हती. म्हणाली होती, "पुढच्या वर्षी दुप्पट घालू."

परतताना दादरच्या पुलावर गर्दी तुंबली होती, तिथे उभं राहून तो इशारा पुन्हा उघडला. सकाळी मी 'पाऊस' वाचला होता, 'तुरळक ठिकाणी' सोडून दिलं होतं. हवामान खात्याच्या भाषेत त्याला नेमका अर्थ आहे. भागातल्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. चारांत एक. आणि या दिवसांत ढग बहुतेक वेळा घाटमाथ्यावर चढतात, संध्याकाळी कर्जत-बदलापूरकडे उतरतात, ठाण्यापर्यंत गडगडतात. दादरला कधी नुसता गार वारा येतो, मातीचा वास येतो आणि संपतं. चारांतल्या त्या एकासाठी मी तिला सरळ 'नको' सांगितलं होतं.

तिने ते 'नको' कशाला लावलं असेल? जिन्याला? गेल्या महिन्यात ती दुसऱ्या वळणावर भिंतीला हात लावून थांबली होती. मी वर पुढे गेले होते, वळून पाहिलं, आणि आम्ही दोघीही त्यावर काही बोललो नाही. कदाचित ती कोणाच्या तरी 'नको'ची वाटच बघत होती. कदाचित मी नुसतं चांगलं निमित्त पुरवलं. असंही असेल.

घरी आले तर ती टीव्ही बघत होती. मी गव्हाचं काढलं नाही, तिनेही नाही. जेवलो. दहाला ती आत जाऊन पडली.

पाऊस यायचा तर येईल. तो मी अडवणार नाही आणि सोमवारचं आकाश मला आज दिसणारही नाही. आला तर पुढच्या खोलीत पंखा आहे, जुन्या सुती साड्या आहेत. चार किलोच्या जागी एकच किलो करू. दर तीन तासांचा अंदाजही येतो, तो बघून कागद उचलता येईल. जिना मी चढेन, सोऱ्या मी फिरवेन, ती खाली बसून चिकाकडे बघेल. तो गाठी न होता शिजवणं मला अजून जमत नाही, तिथे तीच हवी.

आत्ता उठून डबा काढला. दिवा लावला नाही. पातेल्यात गहू ओतले तेव्हा रात्रीच्या मानाने फारच आवाज झाला.

आतून आवाज आला, "पाणी चार बोटं वर ठेव. फुगतात ते."

"ठेवते."

"आणि सकाळी बदल. विसरून जाशील गाडीच्या नादात."

सोमवारची रजा टाकली आहे.