एकाच रेपोच्या तीन वर्कट्री, तीन रंग: अखेर जमले

एकाच रेपोच्या (गिट या आवृत्ती-नियंत्रण साधनाने सांभाळलेल्या कोडच्या साठ्याच्या) अनेक वर्कट्री, म्हणजे वेगवेगळ्या ब्रँच एकाच वेळी उघडणारी स्वतंत्र फोल्डरे, रंगांनी वेगळ्या कशा ओळखायच्या, हा गेल्या नोंदीत अडलेला प्रश्न सुटला आहे. मेन, हॉटफिक्स आणि रिव्ह्यू या तीन वर्कट्री व्हीएस कोड या कोड एडिटरच्या तीन विंडोंमध्ये उघडल्या, तर आता प्रत्येकीचा टायटल बार स्वतःच्या रंगात दिसतो आणि गिट स्टेटसही स्वच्छ राहते, म्हणजे गिटला कोणताही बदल दिसत नाही.

घोडे अडले होते ते सेटिंग्ज.जेसनपाशी, म्हणजे व्हीएस कोडच्या सेटिंग्जच्या फाइलीपाशी. पीकॉक हे एक्स्टेन्शन रंगांचे काम फार नीटनेटके करते आणि वेगवेगळ्या रेपोंसाठी मी आजही तेच सुचवीन. मात्र नुसते फोल्डर उघडले असेल, तर रंग त्या फोल्डरातल्या सेटिंग्ज.जेसनमध्ये लिहिले जातात, आणि फॉरमॅटरचे (कोडची मांडणी नीट करणाऱ्या साधनाचे) नियम सर्वांना सारखे मिळावेत म्हणून आमच्या रेपोत ती फाइल कमिट केलेली, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेली आहे. परिणामी रंग बदलला की डिफ (फाइलीतला फरक) उमटतो, आणि तो कमिटमध्ये गेला तर तोच रंग प्रत्येक सहकाऱ्याच्या विंडोत जाऊन बसतो. गिटइग्नोर (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) केवळ ट्रॅक न केलेल्या फाइलींना लागू होत असल्याने येथे निरुपयोगी आहे. फाइलीतले स्थानिक बदल गिटपासून झाकणारी स्किप-वर्कट्री ही खूण लावता येते, पण त्याच फाइलीत दुसऱ्या कोणी बदल केला की पुल (इतरांचे बदल आपल्याकडे आणणे) अडते. तो मार्ग मला पसंत नाही.

उत्तर निघाले .कोड-वर्कस्पेस फाइलीत, म्हणजे कोणते फोल्डर कोणत्या सेटिंग्जसह उघडायचे हे व्हीएस कोडला सांगणाऱ्या फाइलीत. प्रत्येक वर्कट्रीसाठी अशी एक फाइल रेपोच्या बाहेर ठेवली, तिच्यात त्या एकाच फोल्डरचा पाथ आणि रंग लिहिले, आणि विंडो नेहमी त्या फाइलीवरूनच उघडली. संपूर्ण विंडोला लागू होणारी सेटिंग्ज अशा वेळी वर्कस्पेस फाइलीतून घेतली जातात, तर फॉरमॅटरचे नियम फोल्डरातून पूर्ववत मिळत राहतात. गिटला यातले काहीच दिसत नाही.

टायटल बारचा इनअॅक्टिव्ह (विंडो मागे असतानाचा) रंगही अवश्य द्यावा, कारण विंडो शोधायची असते तेव्हा ती मागे गेलेली असते, आणि तो दिला नसेल तर नेमका त्याच वेळी थीमचा मूळ रंग परत येतो. विंडोच्या शीर्षकात फाइलीच्या आधी फोल्डरचे नाव आणल्यामुळे ऑल्ट-टॅबमध्ये शेपूट कापले गेले तरी ओळख पटते. याचे समाधान रंगांपेक्षा तसूभरही कमी नाही.

या वर्कस्पेस फाइली तयार करण्यासाठी शेल स्क्रिप्ट लिहिण्याचा बेत होता. हे लिहीत असतानाच ध्यानात आले, की गिट वर्कट्री अॅड केल्यावर पोस्ट-चेकआउट हुक (गिटने आपोआप चालवलेली स्क्रिप्ट) चालतो, त्याला जुन्या कमिटच्या जागी सगळी शून्ये मिळतात व त्यावरून वर्कट्री नुकतीच तयार झाल्याचे कळते, आणि हुक्सचे फोल्डर सर्व वर्कट्रींना सामाईक असते. तेव्हा वेगळी स्क्रिप्ट रद्द. हे काम हुकच करील. ब्रँचच्या नावाच्या हॅशवरून (नावापासून गणिताने काढलेल्या आकड्यावरून) रंग काढण्याचा विचारही सोडला आहे, कारण त्यातून दोन शेजारच्या छटा सहज निघू शकतात. त्याऐवजी पांढऱ्या अक्षरांशी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट असलेल्या आठ रंगांचे ठरावीक पॅलेट ठेवून, त्यातला पहिला मोकळा रंग हुकने उचलावा असे ठरवले आहे. लाल मात्र हॉटफिक्ससाठीच राखीव राहील.