भोसलेकालीन नंदी आणि पितळेचा गडवा

रविवारी मी आणि ताई दोघी नागपुरातल्या आर्ट गॅलरी पाहायला म्हणून निघालो, आधी सिव्हिल लाइन्स, सांस्कृतिक केंद्र आणि मग अजब बंगला. सेंट्रल म्युझियम म्हटलं की ऑटोवाला थोडा विचारात पडतो, अजब बंगला म्हटलं की बरोबर सोडतो, 1863 पासूनचं आहे ते. पण खरं सांगू का, मला त्या दिवशी सगळ्यात भारी गॅलरी वाटली ती महाल भागातली चितारओळ, मूर्तिकारांची गल्ली. तिकीट नाही, एसी नाही, ताडपत्रीखाली बिनरंगाचे गणपती ओळीनं उभे अन् एक काका बीडी कानाला लावून कोणाशी न बोलता सोंडेवरून हात फिरवून राहिले.

मग इतवारीत. मला तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यासाठी, भाच्याला जुना लाकडी नंदी पाहिजे होता, चाकवाला. एका गल्लीत मिळाला. दुकानदार म्हणे, "भोसलेकालीन आहे ताई, आठ हजार." ताईनं उलटा करून चाकाखाली नखानं खरवडलं तर आतून पांढरंफटक कोरं लाकूड, वरून बूट पॉलिश! वास पण येत होता. मग त्यानं राम दरबारचं नाणं काढलं, ईस्ट इंडिया कंपनी, 1818. कंपनीनं असं राम दरबारचं नाणं कधी पाडलंच नाही, ही टोकनं मागाहून बनवून विकतात, पण किती घरांत देव्हाऱ्यात पूजा होऊन राहिली त्याची देव जाणे.

शेवटी भांडे ओळीत मोडीच्या ढिगात एक पितळेचा गडवा दिसला. बुड चेपलेलं, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, नाव घासून गेलंय, फक्त "यांजकडून सप्रेम भेट" आणि सन 1957 एवढंच लागतं. रुखवतातला असेल. त्या भाऊनं सरळ काट्यावर टाकला, वजन केलं, मोडीचा भाव लावला आणि वर म्हणतो, नवा घ्या ना, हा कायले घेता.

घरी आल्यावर मी काही बोलायच्या आत आईनं तो चिंचेनं लख्ख घासून टाकला, अँटिकवाले रडले असते. आता चष्मा लावून खिडकीत बसली आहे, नावातलं पहिलं अक्षर 'म' की 'भ' ते पाहून राहिली.