कानशिलाच्या आतली खोबण

वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात कवटी दिली की मी ती आधी आतून बघायला लावते. कानशिलाच्या आतल्या अंगाला फांद्या फुटल्यासारख्या बारीक खोबणी असतात, नख फिरवलं की लागतात. ही मिडल मेनिंजियल धमनीची वाट. कवटीच्या तळाशी फोरामेन स्पायनोसम नावाचं छोटंसं छिद्र आहे. ही धमनी तिथून आत शिरते आणि हाड व ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचं जाड बाहेरचं आवरण, यांच्या मधून वर चढते. वरचं हाड किती पातळ, ते बघायचं तर कवटी खिडकीपाशी धरावी. कानशिलाशी उजेड आरपार दिसतो.

म्हणून फोंडा-बांबोळी रस्त्यावर हेल्मेट कोपरात अडकवून स्कूटर हाकणारी पोरं दिसली की माझा जीव खालीवर होतो. कानशिलावर आपटलं की हाड तडकतं आणि धमनी फाटते. माणूस क्षणभर बेशुद्ध पडतो, मग उठून बसतो, बोलतो, चहासुद्धा घेतो. घरचे म्हणतात, देवाची कृपा. आत मात्र धमनीच्या दाबाने रक्त ड्यूराला हाडापासून सोडवत असतं. काही तासांत उलट्या आणि गुंगी सुरू होते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. मेंदू टेंटोरियमच्या, म्हणजे मेंदूखालच्या ड्यूराच्या आडव्या पडद्याच्या, कडेवरून खाली ढकलला जाऊन डोळ्याकडे जाणारा तिसरा मज्जातंतू दाबला गेल्याची ती खूण. तोवर फार थोडा वेळ हातात उरलेला असतो.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. वयाने मेंदू आक्रसतो आणि त्याच्यापासून ड्यूरातल्या मोठ्या सायनसकडे (रक्त वाहून नेणाऱ्या पोकळ्यांकडे) जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. त्या साध्या हिसक्यानेही तुटतात. शिरेचं रक्त सावकाश, ड्यूराच्या खाली साठत जातं. आमच्या शेजारचे काका पावसात कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, शेवाळावर घसरले. डोक्याला साधं टेंगूळही नव्हतं. पुढे काही आठवड्यांनी ते नावं विसरू लागले, चालताना एका बाजूला झुकू लागले. सगळे म्हणाले, वय झालं. काकी तेवढ्या म्हणत राहिल्या, "हे असे नव्हते गो." त्यांच्याच हट्टापायी सीटी स्कॅन झाला. कवटीला छिद्रं पाडून रक्त काढलं, आणि काका पुन्हा सुपारी मोजायला बसले.

घरातलं कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, तर डोकं नुसतं आपटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि गोळीचं पाकीट सोबत ठेवा.