सातव्या बरगडीवरचा ठिपका

रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठावं लागत होतं म्हणून आमच्या तासगावच्या डॉक्टरांनी जानेवारीत रक्त तपासायला लावलं. पीएसए, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, आला ११.४. माझं वय ६७. हा आकडा ढोबळमानाने चारच्या आत असावा असं मानतात, त्यामुळे पुढची चक्रं लगेच सुरू झाली.

आधी एमआरआय झाला. त्यात प्रोस्टेटमध्ये उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन संशयित जागा दिसल्या, दोन्हींना पाय-रॅड्स ४. हे १ ते ५ असं मोजमाप असतं. ४ म्हणजे कॅन्सरची शक्यता बरीच. बायोप्सीत उजवीकडे कॅन्सर निघाला, ग्लीसन ४+३, म्हणजे बऱ्यापैकी आक्रमक. डावीकडच्या तुकड्यांत मात्र नुसती जुनी सूज होती. त्या वेळी मी त्यावर फार विचार केला नाही, उजवीकडचाच घोर एवढा मोठा होता. पण एका स्कॅनने एकाच दिवशी एक खरी आणि एक खोटी बातमी दिली होती, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

कॅन्सर बाहेर पसरलाय का ते बघायला पीएसएमए पेट स्कॅन सांगितला. प्रोस्टेटच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं, त्याला चिकटणारं औषध कुठे चमकतं ते यात दिसतं. स्कॅनच्या दिवशी मुलगा बरोबर होता. रिसेप्शनला दोन पानी फॉर्म मिळाला आणि मी सुईसाठी आत गेल्यावर तो मुलानेच भरला. किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि मग तासा-दीड तासासाठी एका वेगळ्या खोलीत एकट्याला बसवतात. भरपूर पाणी प्यायचं, मशीनखाली जायच्या आधी लघवी करून यायची. मशीनखाली वीसेक मिनिटं लागली. दुखलं काहीच नाही. घरी आल्यावर नातीला दिवसभर जवळ घ्यायचं नाही असं बजावलं होतं, ती दाराच्या फटीतून "आजोबा, संपलं का?" असं विचारत राहिली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर प्रोस्टेटमध्ये दिसत होता, लिम्फच्या गाठी स्वच्छ होत्या. आणि खाली एक ओळ: डाव्या सातव्या बरगडीत औषधाचं शोषण, हाडातला प्रसार नाकारता येत नाही.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांनी रिपोर्टचं पान वाचलं आणि फाइल मिटली. हाडात गेला म्हणजे चौथी स्टेज, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, पुरुषी हार्मोन दाबायचं इंजेक्शन आजच सुरू करू, दर तीन महिन्यांनी घ्यायचं, कायम. चिठ्ठी हातात पडली तेव्हा आमची ही खुर्चीचा हात धरून बसली होती. मुलाने मेडिकल स्टोअरमध्ये किंमतही विचारून ठेवली. मी म्हटलं, आज नको, उद्या येतो. का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. घरी जाऊन देवासमोर बसावंसं वाटत होतं, एवढंच.

संध्याकाळी भाचीला फोन केला. ती मिरजेला भूलतज्ज्ञ आहे. तिने रिपोर्ट वाचून दाखवूच दिला नाही. म्हणाली, "मामा, सीडी कुठाय? कागद राहू द्या, सीडी घेऊन या. आणि ते इंजेक्शन अजून घेतलं नाहीत ना?"

ती सीडी पाकिटात तशीच होती, कोणी उघडलीही नव्हती. भाचीने तिच्या ओळखीतल्या पुण्याच्या एका न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांची वेळ घेतली. चार दिवसांनी आम्ही तिथे होतो.

डॉक्टरांनी सीडी लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, गेल्या सहा-आठ महिन्यांत कुठे पडला होतात का? छातीला मार?"

मी नाही म्हणणार तोच आठवलं. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी काड्या भरताना ट्रॉलीवरून पाय घसरला होता आणि डावी कूस फाळक्याच्या कडेवर आपटली होती. पंधरा दिवस खोकला आला की कळ यायची. हळदीचा लेप लावला आणि विसरून गेलो. हिलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. मुलाने फॉर्ममध्ये "पूर्वी मार / फ्रॅक्चर" या रकान्यापुढे "नाही" लिहिलं होतं, कारण त्याला ठाऊकच नव्हतं.

मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पेटच्या चित्रात सातव्या बरगडीवर पिवळसर ठिपका होता. त्यांनी उजेड थोडा वाढवला, तर बरोबर त्याच्याखाली आठव्या बरगडीवरही एक अगदी फिकट ठिपका दिसायला लागला. रिपोर्टमध्ये तो नव्हताच. "एकाखाली एक दिसतात ना? पडल्यावर बरगड्या अशा ओळीत मोडतात. कॅन्सर असा पट्टी लावल्यासारखा सहसा पसरत नाही." नंतर त्यांनी त्याच स्कॅनमधल्या सीटीचे पातळ काप एकेक करून पुढे सरकवले आणि एका कापावर थांबले. बरगडीच्या कडेला बारीक काळी रेघ, तिच्याभोवती नवीन हाडाचा फुगवटा. मोडलेलं हाड भरून येत होतं, आणि ते चार महिने माझ्या कुशीत होतं.

त्यांनी नीट समजावलं. पीएसएमए या नावात प्रोस्टेट असलं तरी हे प्रथिन फक्त तिथेच नसतं. लाळेच्या ग्रंथी, डोळ्यांच्या अश्रुग्रंथी, मूत्रपिंडं, लहान आतडं, सगळीकडे औषध चमकतंच. भरून येणाऱ्या हाडातही चमकतं. शिवाय माझ्यासाठी वापरलं ते एफ-१८ पीएसएमए-१००७. ते लघवीतून कमी जातं म्हणून मूत्राशयाजवळचं चित्र स्वच्छ येतं, पण हाडांत, त्यातही बरगड्यांत, विनाकारण ठिपके दाखवण्याबद्दल ते ओळखलं जातं. एकट्या बरगडीतला असा ठिपका बहुतेकदा निरुपद्रवी निघतो. स्कॅन वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या ३०२ पुरुषांवरचा अभ्यास त्यांनी सांगितला: प्रसार ओळखण्यात पीएसएमए पेटची अचूकता ९२ टक्के आणि जुन्या सीटी-बोन स्कॅनची ६५ टक्के. ठिपका खरा की खोटा हे मात्र माणसाने बसून बघावं लागतं.

एमआरआयच्या डाव्या बाजूचंही तिथेच कळलं. इंग्लंडमधल्या ५७६ पुरुषांच्या २०१७ सालच्या अभ्यासात एमआरआयने शंभरातले ९३ घातक कॅन्सर पकडले. पण ज्यांना तसा कॅन्सर नव्हता त्या शंभरांतल्या ४१ जणांनाच "काही नाही" असा रिपोर्ट मिळाला. बाकीच्यांना माझ्यासारखाच घोर लागला असणार.

बरगडीची बायोप्सी करावी का, यावर पुण्यात चर्चा झाली. जागा लहान, खाली फुप्फुस, आणि सीटीत रेघ स्पष्ट. त्यांनी नको म्हटलं. ऑपरेशन करू, नंतरचा पीएसए सांगेल: प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर तो जवळजवळ शून्यावर यायला हवा, हाडात कॅन्सर असेल तर येणार नाही.

हे ऐकताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि आजही घोळते. ते इंजेक्शन मी त्या दिवशी घेतलं असतं तर पीएसए उतरलाच असता. प्रोस्टेटमधला कॅन्सर त्या औषधाने दबतोच. बरगडीही आपोआप भरून आली असती आणि पुढच्या स्कॅनमध्ये ठिपका गेलेला दिसला असता. सगळ्यांनी म्हटलं असतं, औषध लागू पडलं. चौथी स्टेज खरी होती असंच मी आणि माझ्या घरचे जन्मभर मानत राहिलो असतो, बरा होऊ शकणारा आजार आतच ठेवून. चूक कधी उघडकीलाच आली नसती. त्या इंजेक्शनने हाडं ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा येतात, ताकद जाते, हे सगळं मी बिनकामाचं सोसलं असतं. असे किती जण आज ते इंजेक्शन घेत असतील, या विचाराने मला झोप लागत नाही.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. कॅन्सर ग्रंथीच्या आतच होता, कडा स्वच्छ, गाठीही स्वच्छ. लघवीवर ताबा यायला तीन महिने लागले, तो वेगळा त्रास. सात आठवड्यांनी पीएसए केला: ०.०२ पेक्षा कमी. मुलाने रिपोर्ट मोबाइलवर उघडला आणि काहीच न बोलता फोन हिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला.

ऑगस्टमध्ये बरगड्यांचा सीटी पुन्हा केला, खात्रीसाठी. रेघ जवळजवळ बुजली होती. या वेळी फॉर्म मी स्वतः भरला. मार लागल्याच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ऑक्टोबर, ट्रॉलीचा फाळका, डावी कूस, सातवी आणि आठवी बरगडी. पुढचा पीएसए छाटणी उरकल्यावर करायचाय.