निकाल राखीव

परदेशी विद्यार्थ्यांवर संशोधन करते असं सांगितलं की समोरचा हटकून विचारतो, "अमेरिकेतल्या की ऑस्ट्रेलियातल्या?" पुण्यात बसून, पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांवर कोणी नोकरीची सगळी वर्षं घालवत असेल, हे पुणेकरांनाच खरं वाटत नाही. खरं तर फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक मुलगा काविळीनं आजारी पडला, रेक्टर असलेल्या शां. ब. मुजुमदारांनी त्याची आबाळ पाहिली आणि त्यातून १९७१मध्ये सिंबायोसिस उभी राहिली, ही गोष्ट अर्ध्या शहराला पाठ आहे. पण गोष्ट पाठ असणं वेगळं आणि कोंढव्यात अफगाण मुलांना भाड्यानं खोली देणं वेगळं.

मी या विषयात आले तेव्हा इराणी, सुदानी, केनियन मुलं जास्त दिसायची. मग येमेनी आली, इराकी आली. अफगाण मुलांचा ओघ आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, शिष्यवृत्त्यांमुळे वाढला. वर्षाला एक हजार शिष्यवृत्त्या एकट्या अफगाणिस्तानासाठी होत्या. २०१९-२०च्या सरकारी पाहणीत भारतात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी नोंदले गेले; त्यात नेपाळी २८ टक्के आणि दुसऱ्या क्रमांकावर अफगाण, ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माझ्या वर्गात जे दिसत होतं तेच आकड्यांत होतं.

आमच्या शास्त्रात या सगळ्याला नीटस चौकटी आहेत. मायदेशातून ढकलणारे घटक, परक्या देशाकडे खेचणारे घटक. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाविषयक करारात तर परदेशी जाऊन शिकणारा मुलगा आणि परदेशी फिरायला गेलेला पर्यटक एकाच खान्यात बसतात: दुसऱ्या देशात जाऊन सेवेचा उपभोग घेणारे ग्राहक. हे मी दर वर्षी एम.ए.च्या वर्गाला शिकवते आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी हसतं.

२६ ऑगस्ट २०२१. गुरुवार. काबूल तालिबानच्या हाती पडून दीड आठवडा झाला होता. आदल्याच दिवशी गृह मंत्रालयानं जाहीर केलं होतं की अफगाण नागरिकांना यापुढे फक्त ई-व्हिसावर भारतात येता येईल आणि जे सध्या भारताबाहेर आहेत त्यांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द. कोविडमध्ये विद्यापीठं बंद झाली तेव्हा घरी गेलेली आणि तिथूनच ऑनलाइन तास करणारी आमची कितीतरी मुलं त्या एका कागदानं तिकडेच राहिली.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांच्यातल्याच एका मुलीच्या लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा होती. मूळची मझार-ए-शरीफची, त्या वेळी काबूलमध्ये काकांकडे. विषय होता बल्ख प्रांतातल्या मुलींची शाळेतून होणारी गळती.

पण सकाळी साडेदहालाच केबिनच्या दारात दुसराच विद्यार्थी उभा. हेरातचा, तिच्याच वर्गातला. हा कोविडमध्ये पुण्यातच राहिला होता. हिंदी मालिकांवर वाढलेली ही पिढी. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा स्वच्छ. मास्क हनुवटीवर ओढून तो म्हणाला, "मॅडम, मेरा रिज़ल्ट मत लगाइए."

इतक्या वर्षांत निकाल लवकर लावा, गुण वाढवा, गुणपत्रक हातोहात द्या अशा विनवण्या ऐकल्या होत्या. हा मुलगा वर्गात पहिल्या तिघांतला.

त्यानं प्लास्टिकची फाईल उघडली. सगळ्यात वर पासपोर्ट, ज्या सरकारनं दिला ते सरकार आता नव्हतं. खाली निवास परवान्याची प्रिंट, मुदत सप्टेंबरअखेर. भाडेकरार. मागच्या वर्षीचं आमचं बोनाफाईड, म्हणजे हा आमचा विद्यार्थी आहे असा दाखला. त्यावर 'अभ्यासक्रम पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख' अशी ओळ असते. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. अभ्यासक्रम संपला की विद्यार्थी व्हिसाचं कारण संपतं. बोनाफाईडवर 'निकाल प्रतीक्षेत' असं असेल तर मुदतवाढीच्या अर्जाला काहीतरी आधार; 'उत्तीर्ण' असेल तर बॅग भरायची. कुठे जायला?

मी माझ्या परीनं वाटा मोजायला लागले. नोकरी? विद्यार्थी व्हिसावर करता येत नाही. निर्वासित म्हणून? भारतानं १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सहीच केलेली नाही. दिल्लीत यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे, नोंद करता येते, पण ती नोंद म्हणजे व्हिसा नव्हे. पीएच.डी.? प्रवेश परीक्षेची तारीख लागलेली नाही. दुसरं एम.ए.? परदेशी विद्यार्थ्याची फी आपल्या मुलांच्या कित्येक पट, आणि पैसे येणार कुठून? काबूल पडल्यापासून तिकडच्या बँकांना टाळं, वेस्टर्न युनियननंही अफगाणिस्तानातली सेवा थांबवलेली. वडील हेरातमध्ये, खात्यात पैसे असूनही हातात नाहीत. अर्धवेळ डिप्लोमा व्हिसाला चालत नाही. प्रत्येक वाट दोन पावलांवर संपत होती आणि यातली प्रत्येक गोष्ट त्याला माझ्याआधी माहीत होती. मी बोलत असताना तो नुसता मान हलवत होता.

निकाल एकट्याचा अडवता येत नाही, तो सगळ्या वर्गाचा एकदम लागतो, हे मी त्याला सांगितलं. त्याला चहा पाजला आणि कार्यालयात गेले.

आमचे भाऊसाहेब पुरंदरचे. कोविडच्या निम्म्या हजेरीतही रोज येणारे, कारण "घरी बसून फाईल कळत न्हाई." परदेशी विद्यार्थ्यांचे कागद त्यांच्याकडे. मी सगळं सांगितलं. त्यांनी संगणकावर त्या मुलाचं खातं उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज न बदलता म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? याची दुसऱ्या हप्त्याची फी बाकी आहे."

"माहीत आहे. म्हणून तर आम्ही वर्गणी काढतोय. निम्म्याच्या वर जमली आहे."

"तेच म्हणतोय. फी बाकी असली की निकाल आपोआप राखीव राहतो. नियमच आहे. ती वर्गणी जरा दमानं घ्या."

मला हसावं की काय करावं कळेना. विभागातल्या लोकांनी पाचशे-हजार करून जमवलेले पैसे म्हणजे त्या मुलाला देशाबाहेर काढण्याची तजवीज होती! आणि ज्या थकबाकीपायी तो महिनाभर कार्यालयासमोरून मान खाली घालून जायचा, तिच्यामुळे त्याला इथे राहता येणार होतं. हे नियमात बसत होतं का? काटेकोर बसत होतं. नियमामागच्या हेतूत मात्र बसत नव्हतं. तो नियम फी वसूल करण्यासाठी केलेला आहे, माणसं वाचवण्यासाठी नाही. मी त्यावर फार विचार केला नाही, आजही करत नाही. वर्गणीचे पैसे सहकाऱ्याच्या खात्यात तसेच ठेवले आणि भाऊसाहेबांनी 'निकाल प्रतीक्षेत' असं बोनाफाईड काढून माझ्यासमोर ठेवलं. शब्द न् शब्द खरा होता.

तीन वाजता तोंडी परीक्षा. काबूल आपल्यामागे एक तास, म्हणजे तिकडे दोन. तिनं कॅमेरा बंद ठेवायची परवानगी मागितली आणि बहिःस्थ परीक्षकांनी, एरवी फार कडक गृहस्थ, लगेच दिली. ती हळू आवाजात बोलत होती. शेजारच्या खोलीत पाहुणे होते म्हणे. परीक्षकांनी सवयीनं विचारलं की नमुना इतका लहान का घेतला. ती म्हणाली, "सर, तिसऱ्या जिल्ह्यात जायचं ठरलं होतं. तोवर तो जिल्हा गेला." त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला जरा वेळ घेतला. मग संशोधन पद्धतीवर रीतसर चर्चा झाली, दोन संदर्भ चुकल्याचंही त्यांनी दाखवून दिलं. ते मला आवडलं. त्या दिवशी तिला सवलत नको होती, परीक्षा हवी होती.

परीक्षा संपल्यावर तिनं मला थांबायला सांगितलं. दोन विनंत्या होत्या. निकाल होईल तितक्या लवकर हवा होता, पण फक्त ईमेलनं. टपालानं घरी कागद पाठवू नका. तिसऱ्या देशातल्या विद्यापीठांना अर्ज करायचे होते. आणि विभागाच्या वेबसाइटवर लघुप्रबंधांचे सारांश असतात, त्यातून तिचं नाव आणि फोटो काढा. परवानगीचा कागद फिरवायला वेळ नव्हता. साइट सांभाळणाऱ्या मुलाला मी फोन केला. त्यानं काहीही न विचारता पंधरा मिनिटांत दोन्ही काढलं.

एकाच वर्गाची एकच निकालपत्रिका. एकाला ती नको होती, एकीला आजच्या आज हवी होती. ढकलणारे घटक दोघांनाही तेच.

संध्याकाळी सातच्या बातम्यांत काबूल विमानतळाच्या दारावर झालेल्या स्फोटाचं आलं. विमानतळावर जाणार नाही असं ती बोलली होती, तरी तिचा मेसेज येईपर्यंत जिवाला घोर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आला: "मॅडम, संदर्भ दुरुस्त करून पाठवले आहेत. गुण कधी कळतील?"

तिचं गुणपत्रक दहा दिवसांनी ईमेलनं गेलं. मुलाचा निकाल राखीव राहिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला गृह मंत्रालयानं स्पष्ट केलं की भारतात असलेल्या कोणत्याही अफगाण नागरिकाला मंत्रालयाच्या परवानगीशिवाय देश सोडायला सांगितलं जाणार नाही. भाऊसाहेबांनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून फाईलला लावली आणि मला म्हणाले, "आता भरा वर्गणी." भरली. तो पुढे दुसऱ्या विषयाच्या एम.ए.ला बसला. डिसेंबर २०२२मध्ये तालिबाननं विद्यापीठं मुलींना बंद केली तोवर ती तिथून बाहेर पडलेली होती. कुठे ते लिहीत नाही.

त्यानंतरच्या माझ्या सगळ्या प्रश्नावल्यांमध्ये मी एक प्रश्न घालते: तुमचा अभ्यासक्रम कागदोपत्री कधी संपावा असं तुम्हाला वाटतं, वेळेआधी, वेळेवर, की उशिरा? गेल्या शोधनिबंधाच्या वेळी एका समीक्षकानं तो प्रश्न काढून टाकायला सुचवलं. उत्तर उघड आहे, असं त्यांचं म्हणणं. मी तक्ता जोडून परत पाठवला आहे. 'उशिरा' असं उत्तर देणारे कोणत्या देशांचे आहेत, ते त्यात वेगळं दाखवलंय.